खालच्या तीन फळ्या

माझे बाबा, गुणवंतराव, जबलपूरच्या लष्करी कारखान्यात लाकूड तपासायचे. गाड्यांसाठी आलेल्या फळीत खिळा टोचायचा. सहज रुतला की फळी रिजेक्ट. ठेकेदार त्यांना टरकून असत. आणि अशा माणसाच्याच घराच्या फळ्या कुजाव्यात? दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

आमच्या क्वार्टरला बाहेरून सगळ्या फळ्याच होत्या, जोत्यापासून छपरापर्यंत आडव्या ठोकलेल्या. दर दिवाळीआधी बाबा त्या सोड्याच्या पाण्यानं घासायचे, चार दिवस वाळू द्यायचे आणि जवसाच्या तेलाचे दोन हात मारायचे. बेचाळीस साली लढाईमुळे तेल मिळेना, तर घाण्यावर जाऊन तेल्याच्या हातापाया पडून आणलं. तरी वर्षभरात खालच्या तीन फळ्या काळ्या पडून भुसभुशीत. वरच्या ठणठणीत, खालच्या तीनच! बाबा वाळवीला शिव्या घालायचे, शेजारच्या बकरीला घालायचे, नव्या फळ्या ठोकायचे. घासायला त्यांच्याबरोबर मी, त्यामुळे चीड मलाही यायची.

त्रेचाळीसमध्ये कामगार वाढले, क्वार्टर कमी पडू लागले आणि आम्हाला नोटीस आली. घराची निगा नाही, सोमवारी पाहणी होईल, फळ्या कुजलेल्या निघाल्या तर घर दुसऱ्याला. बाबा निर्धास्त होते. खालच्या तीन फळ्या गेल्याच दिवाळीत बदलल्या होत्या ना!

सोमवारी ते घरी थांबले. एरवी पहाटे पाचच्या भोंग्याला निघायचे; रविवारी उठेपर्यंत अंगण वाळलेलं असायचं. उजाडल्यावर आईनं बादली उचलली आणि रोजच्यासारखा शेणाचा सडा टाकला, थेट भिंतीच्या कडेपासून. शिंतोडे तिसऱ्या फळीपर्यंत उडाले.

दात घासता घासता बाबांचा हात थांबला.

"काहून पाणी मारून राहिली फळ्यांवर?"

"अहो, सडा नाही टाकायचा? लक्ष्मी दारातूनच परत जाईल."

"रोज टाकते?"

"या घरात आली तेव्हापासून. बारा वर्षं झाली."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण ओरडणार कोणावर? बादली रोज मीच भरून द्यायची. बाबांनी नुसता कपाळावर हात मारून घेतला.

दहा वाजता साहेब आले. भला माणूस. हसून म्हणाले, "गुणवंतरावजी, यह तो आपका ही काम है. आप ही देखकर बता दीजिए."

झालं की! "ठीक है" म्हणायचं आणि सुटायचं. आई दाराआड हात जोडून उभी होती. बाबांनी खिशातला खिळा काढला, खाली बसले आणि सगळ्यात खालच्या फळीत टोचला. तो डोक्यापर्यंत आत गेला.

"रिजेक्ट, साहब," बाबा म्हणाले.

असा संताप आला मला त्यांचा! आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तेवढ्यात आम्ही सराफ्यामागच्या बोळात एका खोलीत आलोसुद्धा. विटांच्या भिंती, दारापुढे हातभर जागा.

पहिल्या सकाळी आई भरलेली बादली घेऊन उंबऱ्यात नुसतीच उभी राहिली.

"टाकू का?" तिनं विचारलं.

"टाक," बाबा बूट घालत म्हणाले. "इथं कुजायला काय आहे!"