सत्तावीस नंबरचा साचा

मांजर आडवं गेलं तर मी मांजराला रस्ता देते, एवढाच माझा अशा गोष्टींशी संबंध. मी प्रोसेस इंजिनिअर. आकडा दाखवा, मग बोलू... हा माझा स्वभाव. त्यामुळे खालचं वाचून हसणार असाल तर खुशाल हसा, मीही हसले असते.

आमची कंपनी येरवड्याच्या पुढे आहे. सांडपाण्यासाठी लागणारे, बाहेरून वळ्यावळ्यांचे प्लास्टिकचे पाइप आम्ही बनवतो. गेल्या वर्षी नवी लाइन आली. तिच्यात साच्यांच्या साठ जोड्या साखळीवर फिरतात. साचे हवा ओढतात, गरम प्लास्टिक त्यांना चिकटतं आणि वळ्या उमटतात. सांगायला सोपं! दहा दिवस झाले तरी एकसारखा पाइप निघेना, मध्येच एखादी वळी पातळ. शुक्रवारी दुपारी चारला ग्राहकाचा इन्स्पेक्टर येणार होता आणि मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं — त्यात नापास झालो तर लाइन परत पाठवायची. म्हणजे तिच्यासाठी घेतलेली सहा माणसं घरी. त्या सहाही जणांना मीच निवडलं होतं.

त्या शुक्रवारी अडीच वाजता आम्ही सगळे मशीनभोवती. एक जण तापमान वाढवतोय, दुसरा स्पीड कमी करतोय, मी स्वतः व्हॅक्यूमचं बटण फिरवतेय. कशामुळे काय बदलतंय, ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

तेवढ्यात मेश्रामकाकांचा फोन आला. काका आमचे जुने सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारे; मला हे काम त्यांनीच शिकवलं. लाइन लावताना ते सगळ्यांना हात पाठीमागे बांधून उभं करायचे. साखळीचे तीन फेरे नुसते बघायचे, मग एकच बटण फिरवायचं. काय माणूस! निवृत्त होऊन ते भंडाऱ्याला गेले, त्याला तीन वर्षं झाली. ही लाइन त्यांनी पाहिलेलीच नाही.

"मॅडम, सगळ्यांले हात मागं घ्याले सांगा आधी." नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आन् सत्तावीस नंबरचा साचा पाहा. तो हवा ओढून नाही राहिला."

"काका, तुम्हाला कोणी सांगितलं?"

उत्तर त्यांच्या मुलीने दिलं. "मॅडम, बाबांना तुमचं ऐकू येणार नाही. वर्ष झालं, दोन्ही कान गेलेत. आत्ता झोपेतून उठले आणि म्हणाले, मॅडमची लाइन लागून नाही राहिली, फोन लाव."

हातात आकडा एकही नव्हता. पण मी हात मागे घेतले, सगळ्यांना घ्यायला लावले. तीन फेरे नुसतं पाहिलं. पातळ वळी दर फेऱ्याला एकदाच येत होती, म्हणजे दोष एकाच साच्यात! लाइन थांबवून सत्तावीस नंबरचा साचा उघडला... हवेची फट प्लास्टिकच्या कपचीने बुजलेली.

ती साफ करून लाइन पुन्हा सुरू केली. इन्स्पेक्टरने चार ठिकाणी पाइप कापून मोजला आणि सही केली. सहाही जण आजही कामावर आहेत.

इन्स्पेक्टर गेल्या गेल्या मी भंडाऱ्याला फोन लावला. "काकांना सांग, जमलं."

"त्यांना माहितीये," मुलगी म्हणाली. "साडेतीनच्या सुमाराला 'लागली लाइन' म्हणाले आणि पुन्हा झोपले."

लॉगबुकात लाइन पुन्हा सुरू केल्याची वेळ माझ्याच अक्षरात आहे — तीन बत्तीस. योगायोग म्हणायचा तर साठांतला सत्तावीसच कसा, हे मला कोणीतरी समजावून सांगा. मला अजून कळलेलं नाही. पण फोन ठेवताना ती पोरगी जे म्हणाली, ते मी विसरलेले नाही.

"मॅडम, मी कानाशी ओरडते, तरी बाबांना ऐकू येत नाही. तुमचं मशीन येतं."