ढगांना घातलेला लगाम

आमच्या धाकटीला घरात सगळे ढगूबाई म्हणायचे. हवामान खात्यात कॉम्प्युटरवर ढगांचे हिशेब करायची नोकरी लागली, तेव्हा बाबांनी गल्लीभर मिरवलं. छत्री घ्यायची की नाही, हेसुद्धा तिच्या अंदाजावर ठरायचं. मी थोरली, पण माझं कोण ऐकतंय!

उन्हाळ्यात दोन बाजूंचे वारे एका पट्ट्यात येऊन भिडतात आणि दुपारी तिथे ढग चढतात. तो पट्टा कुठे बसेल, किती कोसळेल, हे तिने सांगायचं. ढग फार जोरात चढले की तिचं मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरवरचा तो सगळा हिशेब, कोलमडायचं. म्हणून तिने वर चढणाऱ्या हवेच्या वेगाला कमाल मर्यादा घातली. त्याला ती लगाम म्हणायची. सगळेच घालतात म्हणे. मॉडेल सुरळीत चाललं, मागच्या उन्हाळ्यांचा पाऊस त्यात तंतोतंत जुळला, साहेबांनी पाठ थोपटली.

यंदा पट्टा आमच्याच नदीवर ठाण मांडून बसला. अंदाज गेला, मध्यम पाऊस. दुपारी मी आम्हा दोघींच्या शहरातल्या खोलीवरून तिचा डबा घेऊन ऑफिसात गेले, तर पोरगी पांढरीफटक.

"ताई, नकाशावर आपल्या घराच्या बाजूच्या सगळ्या चौकोनांत एकच आकडा आहे. लगामाचा."

मला ओ की ठो कळेना. ती म्हणाली, हवा याहून कितीतरी जोरात चढतेय, पण मॉडेलला दाखवता येत नाही, मीच त्याचं तोंड दाबलंय. लगाम काढून चालवलं की ते धाडकन बंद पडत होतं. साहेब म्हणाले, आधी एकदा पुरं चालू दे, मग अंदाज बदलायचं बघू. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, खड्ड्यात गेलं तुझं मॉडेल, बाबांना फोन कर. नदीकाठच्या घरात म्हातारा एकटा, आणि आमच्या-त्यांच्या मधला पूल सकाळीच पाण्याखाली गेलेला.

तिने फोन स्पीकरवर टाकला. अंदाज चुकलाय, माझाच चुकलाय, टेकडीवरच्या शाळेत जा, असं रडत सांगितलं.

बाबा हसले. "वेडी आहेस. रेडिओवर तुझाच अंदाज ऐकला. अख्खी गल्ली निघाली होती, मीच थांबवली. म्हटलं, माझ्या पोरीचं मशीन चुकत नाही. थांब हं, दारात पाणी दिसतंय, बघून येतो."

रिसीव्हर त्यांनी टेबलावर ठेवला असावा, कारण फोन चालूच होता. आम्ही दोघी हाका मारत राहिलो. मागे तिचं मॉडेल पहिल्यांदाच लगामाशिवाय शेवटपर्यंत चाललं, पण तिने वळून पाहिलं नाही. फोनमधून पाण्याचा आवाज येत होता. बाबा परत फोनवर आले नाहीत.