दाराबाहेरच्या चपला

आमच्या पक्षकार काशीबाई देवळात जावं तशा कोर्टाच्या दाराबाहेर चपला काढतात. आज बाहेर आल्यावर चपला पायात सरकवत त्यांनी विचारलं, "झालं का, साहेब?"

"झालं," मी म्हणालो.

झालं काय होतं? माझे सिनिअर वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते, म्हणून मी उभं राहून पुढची तारीख मागितली. माझी सनद अजून तात्पुरती आहे, वकिलीची परीक्षा व्हायची आहे. पण तारीख मागण्याची ही पहिल्या वर्षाची विद्या मला भलतीच लवकर आली.

"तुम्ही होतात म्हणून बरं," काशीबाईंनी हात जोडले.

पुढच्या तारखेला चपला घालूनच आत या, हे काही देऊळ नाही, असं त्यांना सांगावंसं वाटलं. पण त्या विचारतील, "का?"