मिशीवाल्याची ओटी

जैनथजवळच्या आमच्या मळ्यात वांगी अशी व्हायची, की एका वांग्याचं भरीत साऱ्या गल्लीला पुरून वर पाहुण्यांनाही उरायचं. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी दोन्ही मूत्रपिंडं संगनमतानं संपावर गेली. पाय असे सुजले, की माझ्या मापाच्या चपलेत बैल बसला असता. शेवटी माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, आपलं एक मूत्रपिंड मला द्यायचं ठरवलं.

हैदराबादच्या डॉक्टरांनी समजावलं, "बसवणं सोपं, शरीराला ते पटवणं कठीण." शरीर परक्याला ओळखतं आणि हाकलायला धावतं, म्हणून जन्मभर गोळ्या. पण ते एक नवं करून पाहत होते. अक्काच्या कमरेच्या हाडातला मगज काढायचा आणि त्यातल्या मूळ पेशी सलाईनमधून मला द्यायच्या. त्या माझ्या अंगात रुळल्या, तर अक्काचा अवयव शरीराला परका वाटणार नाही, अशी आशा. गॅरंटी मात्र नाही.

आईनं सगळं ऐकून निकाल दिला, "म्हनजे नवरीसंगं पाठराखीण पाठवून राह्यले!" नव्या नवरीला सासरी करमावं म्हणून सोबत जाते ती पाठराखीण. मी हे हिंदीत सांगितलं, तर डॉक्टर हसून म्हणाले, "बिलकुल वही, अम्मा." तिथंच घोटाळा झाला.

अक्काच्या पेशी सलाईनमधून दिल्या, ऑपरेशनही झालं. लघवी अशी सुटली, की पैनगंगेनं लाजून वाट बदलावी. पण काही दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट बिघडला. शरीर पाहुणीशी भांडू लागलं होतं. डॉक्टरांनी जोरदार इंजेक्शनं सुरू केली. ती लागू पडली नाहीत, तर अक्काचं मूत्रपिंड वाया जाणार होतं.

आईला मात्र कारण सापडलं होतं. "पाठराखणीचा मान केला काय कोनी? रुसनार नाई तं काय!"

आता पाठराखीण तर माझ्या पोटात. म्हणून भेटीच्या वेळी आईनं माझ्या मांडीवर टॉवेल पसरला आणि खण, तांदूळ, हळकुंड, नारळ अशी रीतसर ओटी भरली. वर कपाळाला कुंकू लावलं.

"माय, मले मिशी हाय वं!"

"तुई कोन भरून राह्यलं? तू गप बस. हललास तं आतली उठून जाईन."

तेवढ्यात डॉक्टर आले. नारळासकट सगळं बाहेर गेलं. गोळ्यांनी माझी प्रतिकारशक्ती पार झोपवलेली, आणि त्या नारळावर अख्ख्या बाजाराची धूळ! ते आईला म्हणाले, "अम्मा, मान देना है तो पहले हाथ धोओ." आईनं इतके हात धुतले, की वॉर्डातला साबण संपून शेजारच्या वॉर्डातून मागवावा लागला.

पुढच्या रिपोर्टात वाढलेले आकडे खाली आले. अक्का कुशीवर हात धरून सावकाश चालत आली आणि दारातूनच ओरडली, "नांदून राह्यली ना रे माई पोरगी?" डॉक्टर म्हणाले, हे इंजेक्शनांचं काम. त्या पेशींचा उपयोग किती, ते पुढं कळेल; गोळ्या हळूहळू कमी करता आल्या तर समजायचं, त्या रुळल्या.

"सुई तुमची, मान आमचा," आई म्हणाली.

संध्याकाळी पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटची आई हळूच आली. "माय, खण कोनत्या रंगाचा होता वं?"

आईनं आधी तिला नळाकडे पिटाळलं.