पुढच्या बाकावरची मावशी

तेव्हा मी चोवीस वर्षांची, तरी केंद्रात सगळे मला मावशीच म्हणत. चहाचा ट्रे हातात आला की बाईमाणसाचं वय कोण बघतंय!

मी चंदगडकडची. शाळा चौथीतच सुटली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळं इंग्रजीची आणि माझी गाठच पडली नाही. कोल्हापुरात शिक्षकांच्या प्रशिक्षण केंद्रात चहापाण्याचं काम मिळालं, तेव्हा मात्र क्लार्कभाऊंना मी सांगितलं, "दहावी नापास." नुसतं दहावी म्हणायचा धीर होईना, म्हणून पुढं नापास जोडलं. शिपायाच्या कायम जागेसाठी त्यांनी दाखला मागितला की म्हणायची, "गावाकडं हाय. आणते की." असे सात महिने काढले. काम गेलं असतं तर परत गावी जाऊन काजू फोडायचे. काजूच्या चिकानं बोटांची सालपटं निघतात, माझी बोटं अजून भरली नव्हती.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. पहिलीपासून इंग्रजी येणार म्हणून जिल्ह्यातले गुरुजी तुकड्या-तुकड्यांनी शिकायला यायचे. एकानं पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी पोरं होऊन बसायचं. ही पन्नाशीची पोरं फार हुशार! प्रश्न संपायच्या आत उत्तर. खरी पोरं कुठं अशी असतात, म्हणून शिकवणाऱ्या मॅडम वैतागायच्या.

एका दुपारी चहा घेऊन आत गेले, तर कागलकडचे एक वयस्कर गुरुजी घामाघूम होऊन फळ्यापुढं उभे. मराठी शब्द काढायचा नाही, करून दाखवायचं, असा मॅडमचा नियम. तेवढ्यात मॅडमची नजर माझ्यावर पडली.

"मावशी, ट्रे ठेवा. पुढच्या बाकावर बसा. हं गुरुजी, ही घ्या खरी विद्यार्थिनी."

दारात क्लार्कभाऊ उभे होते. म्हणाले, "अवो मॅडम, तिला येतंय की. दहावीपर्यंत शिकलीया."

ट्रे ठेवून मी बाकाच्या टोकाला टेकले.

"ओपन द विंडो," गुरुजी म्हणाले. मी मान डोलवली.

"अंडरस्टँड?" परत डोलवली.

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. "व्हेरी गुड!" मागनं कुणीतरी ओरडलं, "मावशी पास!"

मॅडमनी शांतपणे विचारलं, "मग खिडकी उघडली का त्यांनी?"

मी ताडकन उठले आणि खिडकीकडं धावले. वर्ग खदाखदा हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"मराठीत ऐकल्यावर उठलात. मावशी, खरं सांगा, शिक्षण किती?"

खिट्टी हातात तशीच धरून मी म्हणाले, "चौथी." दाराकडं बघायचं धाडस झालं नाही.

हसणं थांबलं. त्या गुरुजींनीच तोंड उघडलं. "मॅडम, चूक तिची न्हाय. माझ्या वर्गात निम्मी पोरं अशीच मान हालवत्यात, आन् मी म्होरल्या धड्यावर जातो." मग स्वतः खिडकीशी येऊन त्यांनी ती उघडली, लावली, माझ्याकडं बोट केलं. "ओपन द विंडो." मी उघडली. परत सांगितलं, परत उघडली. पुढचं वाक्य दाराचं. हात लांब करून त्यांनी दार ढकलल्यासारखं दाखवलं. "क्लोज द डोअर."

कळलं मला. पण दारात क्लार्कभाऊ होते. कशीबशी गेले.

ते हळूच म्हणाले, "दाखला गावाकडं हाय, व्हय?"

"न्हाय भाऊ. दहावीचा दाखला न्हायच."

ते मागं सरकले. मी दार लावलं. आत गुरुजींच्या टाळ्या, आणि माझे कान बाहेरच्या पावलांकडं.

संध्याकाळी कपबश्या धुऊन टेबलापुढं उभी राहिले. क्लार्कभाऊंनी माझ्या अर्जावरचं दहावी नापास खोडलं, वर चौथी लिहिलं आणि माझी सही घेतली. मान वर न करता म्हणाले, "खोटं सांगितलंस, शिपायाच्या कायम जागेचं इसर आता. रोजंदारीवर ऱ्हा. मॅडमनी सांगितलंय, पाठाला तूच पायजेस."

मी मान डोलवली.

"डोलवू नगंस, बोल!"

"येते की, भाऊ. उद्या येते."

त्यानंतर दरेक तुकडीला मी पुढच्या बाकावर बसले. गुरुजींना शंभर नियम असायचे, मला एकच: कळलं नाही तर मान हलवायची नाही. पहिले काही दिवस मी मानेवर हातच ठेवून बसायची.