पाटावर उतरलेले इंजिन

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी माझ्या व्हॅनचे इंजिन सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वहस्ते बदलले. एवढे एकच वाक्य सांगून थांबावे, असा माझा संकल्प असतो. परंतु चिखलोलीच्या आमच्या कट्ट्यावर कोणीतरी ‘नाना, पाटाचं सांगा!’ म्हणतेच, आणि मग एका किश्श्याच्या पाठीवर दुसरा येऊन बसतो.

पार्श्वभूमी अशी. इंजिन जाम झाले आणि व्हॅन चार महिने जागची हलली नाही. सेक्रेटरी पाटणकरांनी नोटीस लावली : ‘जे वाहन येत्या रविवारपर्यंत स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर जाऊन परत येणार नाही, ते भंगारात दिले जाईल.’ माझी पत्नी सुमन दर गुरुवारी सोनिवलीला बहिणीकडे जाते, ती याच व्हॅनमधून. शेअर रिक्षात गुडघे दुमडून बसणे तिला जमत नाही. गॅरेजवाला म्हणाला, “काका, काढून टाका गाडी.” मी वाचनालयातून वाहनदुरुस्तीचे पुस्तक आणले. तोपर्यंत मी स्पॅनर हाती धरलेला नव्हता. पण वाचून न समजणारी गोष्ट मला अद्याप भेटलेली नाही.

*

जुने पण चालू इंजिन घेण्यासाठी उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये गेलो. पुस्तकातून उतरवून घेतलेले चौदा प्रश्न दुकानदार शेठजींना क्रमाने विचारू लागलो. सहाव्या प्रश्नाला त्यांनी हात जोडले.

“साईं, इंजन लेने आये हो, कि नौकरी पे रखने?”

मी उरलेले आठही विचारले. इंजिन उत्तम निघाले!

*

मदतीला शेजारचे म्हात्रे आले. मूळ इथल्याच गावचे, अंगात ताकद, स्वभावात घाई. मी नियम घातला : प्रत्येक पायरी आधी मोठ्याने वाचायची, मगच हात लावायचा. ते व्हॅनखाली उताणे झोपले, मी पहिल्या पानापासून आरंभ केला.

थोड्या वेळाने खालून आवाज आला, “नाना, लेखकाचं आभार मानून झालं असंल, तं आता बोल्ट सांगा! छातीवर तेल गळतंय!”

*

या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली असते आणि खालच्या बाजूने उतरवावे लागते. ते ओढून काढण्यासाठी गुळगुळीत, मजबूत फळी हवी होती. मी घरातला सागवानी पाट आणला. आमच्या चिरंजीवांची मुंज याच पाटावर लागली होती. जाम झालेले इंजिन त्यावर अलगद विराजमान झाले.

सुमनने गॅलरीतून डोकावून विचारले, “अहो, बटूला भिक्षा काय घालू? ऑइल की ग्रीस?”

*

शनिवारी उल्हासनगरचे इंजिन बसले. किल्ली फिरवली, काहीच नाही! म्हात्रे नारळ घेऊन उभेच होते.

“पुस्तकान नारल नाय लिवला?”

“नाही.”

“मंग तेवरंच पान फाटलं असंल!”

त्यांनी नारळ फोडला आणि त्याच क्षणी मी विसरलेली अर्थिंगची वायर जोडली. इंजिन धडधडून सुरू झाले. श्रेय कोणाचे, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

*

रविवारी सकाळी पाटणकर फाटकाशी उभे. शेजारी भंगारवाल्याचा टेम्पो. सुमन नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर बसली. मी गिअर टाकला, आणि ध्यानात आले की गिअरची दांडी जोडताना आम्ही चुकलो आहोत. पडत होता तो केवळ रिव्हर्स!

“नाना, गेली गाडी,” म्हात्रे पुटपुटले.

मी खिडकीतून मान बाहेर काढली. “पाटणकर, नोटीस पुन्हा वाचा. गाडीचे तोंड कोणीकडे असावे, हे तीत कुठे लिहिले आहे?”

त्यांनी ती दोनदा वाचली आणि ते फाटकातून बाजूला झाले.

व्हॅन पाठमोरी फाटकाबाहेर पडली. परत येण्यासाठी समोरच्या मोकळ्या प्लॉटला वळसा घालू लागली. भंगारवालाच शिट्टी वाजवून रस्ता मोकळा करीत होता. मी मान वळवून मागे पाहत व्हॅन चालवीत होतो. सुमन मागच्या काचेतून येणारा रस्ता न्याहाळत होती.

“अहो,” ती म्हणाली, “त्रेचाळीस वर्षांत आज पहिल्यांदा मी पुढे आहे. हा गिअर दुरुस्त करू नका!”