मिठाची पुरचुंडी

माझे ओठ निळे पडले होते आणि धाकटी बहीण शैला माझ्या गालावर थपडा मारत होती. "श्वास घे गो ताय! घे म्हणते ना!" ऐकू येत होतं, पण घ्यावासाच वाटत नव्हता. दुखत नव्हतं, बरं वाटत होतं... हाडांतल्या कर्करोगाच्या वेदनांसाठी डॉक्टरांनी दंडावर औषधाची पट्टी लावली होती. तरी दंड ठणकला, म्हणून आमची आवय, म्हणजे आई, करायची तशी मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून मी पट्टीवरच शेक घेतला. त्या उष्णतेने भराभर औषध अंगात उतरलं. शैलाने पट्टी उपटली आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाने उताऱ्याचं इंजेक्शन देईपर्यंत माझ्या तोंडाला तोंड लावून ती फुंकत राहिली. इस्पितळात तिला ओळखून डॉक्टर उठून उभे राहिले. मरता मरता वाचले मी, चहा आला तिला!

पेडण्याच्या घरातून ती शिकायला गेली, मी चौथीनंतर चुलीपाशी राहिले. पुस्तकं तिची, तिची वेणी घालायचं काम माझं. हेवा वाटायचा. अजून वाटतो. परगावच्या प्रयोगशाळेत ती माझ्या पट्टीत असतं तसल्या, अफूच्या जातीच्या औषधांवर काम करायची. "म्हणजे करतेस काय गो?" मी एकदा विचारलं.

"आपल्या खाजनातली, खाडीकाठच्या शेतातली मानस आठव, बांधातलं ते लाकडी दार. दार उघडलं की पाणी जातं, त्याबरोबर मासळीही जाते. शरीरातही असं दार असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. औषधाने ते उघडलं की दुखणं जातं आणि जास्त झालं तर श्वासही. मला दुखणं तेवढंच सोडायचंय."

"मग दाराला जाळं लाव."

"तेच तर विणतेय, ताय!" ती हसली.

एक औषध उंदरांवर छान चाललं होतं. पुढे त्यानेही श्वास मंदावला. तिने ते टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून मांडलं...

दीड महिन्यापूर्वी फोन आला. शैला झोपेतच गेली, हृदय बंद पडलं. ना दुखणं, ना पट्टी. मरणसुद्धा चांगलं तिलाच मिळालं. भेटायला येणारे माझ्याकडे बघतात, माझी पाळी होती हे त्यांच्या तोंडावर दिसतं.

पुरचुंडी चुलीवरच्या खुंटीला आहे. शेवटची आली तेव्हा शैलाने तिला गाठीवर गाठ मारली होती. "पट्टीपाशी नेलीस तर बघ!" दंड ठणकतो. मी शेक घेत नाही. जाळं अर्धं राहिलं, विणणारी गेली. श्वास थांबला होता तो माझा, आणि मी आहे.